बिल्डरची मेहेरबानी नको, हक्काची भरपाई हवी!

घर गळू लागले की आपला माणूस आधी नशिबाला दोष देतो, मग पावसाला देतो आणि शेवटी स्वतःलाच देतो. बिल्डरला जाब विचारावा हे त्याच्या मनात फार उशिरा येते. आले तरी तो बिल्डरच्या ऑफिसात जाऊन 'शेठ, जरा माणूस पाठवा' अशी विनवणी करून परततो. शेठ माणूस पाठवतात. तो भेगेत सिमेंट भरतो, वरून रंगाचा हात मारतो आणि निघून जातो. पुढच्या पावसाळ्यात तीच भेग पुन्हा तोंड उघडते. अशी चार-पाच वर्षे गेली की शेठ फोन उचलणे बंद करतात. तोपर्यंत कायद्याने दिलेली मुदतही हातची गेलेली असते. आमचे म्हणणे एवढेच आहे की हा विनवणीचा मामलाच नाही. घराची पूर्ण किंमत मोजून घेतली आहे. ते घर सदोष निघाले तर ते दुरुस्त करून घेणे आणि झालेल्या नुकसानीची भरपाई वसूल करणे हा घर घेणाऱ्याचा हक्क आहे.

हे आज लिहावेसे वाटले त्याचे कारण कोपरगावसारखी तालुक्याची गावे आहेत. गोदावरीकाठचे हे गाव गेल्या काही वर्षांत झपाट्याने बदलले. शिर्डी हाकेच्या अंतरावर. तालुक्यातल्याच काकडी गावाच्या शिवारात २०१७ साली शिर्डीचे विमानतळ सुरू झाले. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा टप्पा खुला झाला आणि त्याची वाट तालुक्यातल्या कोकमठाणपर्यंत आली. जमिनीचे भाव चढले. काल ज्या वावरात ऊस उभा होता तिथे आज प्लॉट पडले, रो-हाऊस उठली, तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या. कालपर्यंत दुसरा धंदा करणारा माणूस आज पाटी लावून बिल्डर झाला. त्याला ना स्थापत्यशास्त्राचे शिक्षण, ना बांधकामाचा अनुभव. त्याच्याजवळ जमीन आहे, ओळखी आहेत आणि पैसा आहे.

या इमारतींत घर घेतो कोण? जिल्हा परिषदेचा शिक्षक, एस.टी.चा वाहक, दवाखान्यातली परिचारिका, साखर कारखान्यातला कामगार, नगरपालिकेचा कर्मचारी. त्यांत आपल्या समाजाची माणसे मोठ्या संख्येने आहेत. शिक्षण आणि राखीव जागा यांच्या बळावर ज्या पिढीला पहिल्यांदा महिन्याचा पगार मिळाला, तिने पहिले स्वप्न पाहिले ते स्वतःच्या घराचे. गावकुसाबाहेरच्या झोपडीत बाप वाढला, पण मुलाला अभ्यासाला वेगळी खोली असावी ही त्यामागची ओढ. त्यासाठी वीस वर्षांचे कर्ज काढले, भविष्य निर्वाह निधी मोडला, बायकोच्या अंगावरचा सोन्याचा मणीही विकला. अशा घराच्या स्लॅबमधून पाणी ठिबकते तेव्हा तिथे राहणाऱ्या कुटुंबाची आयुष्यभराची कमाई धोक्यात येते आणि पावसाचे तीन-चार महिने घरातले लेकरू छताकडे बघत झोपते.

दोष येतो कुठून, हेही समजून घेतले पाहिजे. नाहीतर बिल्डर सांगेल ते खरे मानावे लागते. कोपरगाव परिसराची जमीन काळी, कसदार. उसाला उत्तम, पण इमारतीच्या पायाला कठीण. ही माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. पाया या मातीतून खाली उतरवून मुरमापर्यंत किंवा पक्क्या थरापर्यंत नेला नाही, तर दर वर्षी इमारत थोडी उचलली जाते आणि थोडी बसते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते ती बहुधा अशाने. दुसरा प्रश्न पाण्याचा. काँक्रीट ओतल्यावर निदान सात दिवस, आणि कडक उन्हात त्याहून अधिक, त्यावर पाणी मारत राहावे लागते. तरच त्यात ताकद येते. ज्या शहराचे राजकारण पिण्याच्या पाण्याच्या साठवण तलावांभोवती वर्षानुवर्षे फिरत राहिले, तिथे मे महिन्याच्या उन्हात स्लॅबवर पाणी कोण मारतो? टँकर विकत आणावा लागतो, म्हणून तो वाचवला जातो. वाळूत माती असते, ती धुतली जात नाही. लोखंडी गज आणि काँक्रीटचा पृष्ठभाग यांच्यात जेवढे अंतर हवे तेवढे ठेवले जात नाही; मग ओल आत शिरते, गज गंजून फुगतो आणि छताचे पोपडे खाली पडतात. यात निसर्गाचा कोप कुठे आला? प्रत्येक ठिकाणी कोणीतरी पैसा वाचवला आहे आणि तो पैसा घर घेणाऱ्याच्या खिशातला आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली आला. घर बांधून देणे ही 'सेवा' आहे की नाही यावर बिल्डर आणि गृहनिर्माण प्राधिकरणे वाद घालत राहिली. १९९३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन घरबांधणीचा स्पष्ट उल्लेख आला. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की घरबांधणी ही सेवाच आहे आणि ती सरकारी संस्थेने दिली तरी सेवाच राहते. सामान्य माणसाला छळणाऱ्या अधिकाऱ्यांमुळे भरपाई द्यावी लागली तर ती जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल व्हावी, असेही न्यायालयाने बजावले. १९८६ च्या कायद्याची जागा पुढे २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली आणि तो २० जुलै २०२० पासून अमलात आला.

महाराष्ट्रात तर त्याही आधीपासून १९६३ चा मोफा कायदा आहे. ताबा दिल्यापासून तीन वर्षांच्या आत बांधकामातला दोष निदर्शनास आणला तर बिल्डरने तो जादा पैसे न घेता दुरुस्त करावा आणि दुरुस्ती शक्य नसेल तर वाजवी भरपाई द्यावी, असे त्यात लिहिले आहे. २०१६ चा रेरा कायदा याच्याही पुढे गेला. त्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत इमारतीच्या सांगाड्यात किंवा कामाच्या दर्जात दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तीस दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त केला पाहिजे. न केल्यास भरपाई दिली पाहिजे. रेरा आला म्हणून ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद झाला असा दावा काही बिल्डरांनी केला. २ नोव्हेंबर २०२० रोजी इम्पेरिया स्ट्रक्चर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला.

मग एवढे कायदे असताना माणूस नाडला का जातो? पहिले कारण कायद्यातच आहे. ज्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नाही किंवा ज्यात आठांपेक्षा अधिक सदनिका नाहीत, त्याला रेराची नोंदणी सक्तीची नाही. मुंबई-पुण्याच्या टॉवरना ही सवलत लागू होत नाही. ती लागू होते तालुक्याच्या गावातल्या आठ सदनिकांच्या इमारतीला. म्हणजे जिथे देखरेख सर्वांत कमी, तिथेच नोंदणीतून सूट! अशा ठिकाणी घर घेणाऱ्याला खरा आधार उरतो तो ग्राहक आयोगाचा. दुसरे कारण अंतर. जिल्हा आयोग अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला. कोपरगावहून ते सुमारे शंभर किलोमीटर. रजा टाकून, गाडीभाडे खर्चून जायचे आणि पुढची तारीख घेऊन परतायचे. कायद्यात तीन ते पाच महिन्यांत निकाल द्यावा असे लिहिले असले तरी प्रत्यक्षात वर्षे जातात.

किती वर्षे जातात याचे उदाहरण मुंबईतलेच घ्या. समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांना १९९७ साली ताबा मिळाला, पण बिल्डरने भोगवटा प्रमाणपत्र आणलेच नाही. त्यामुळे सभासदांना मालमत्ता कर २५ टक्के जादा आणि पाणीपट्टी ५० टक्के जादा भरावी लागली. संस्थेने १९९८ साली दाद मागितली. चार महिन्यांत प्रमाणपत्र आणा असा आदेश झाला २०१४ साली, म्हणजे सोळा वर्षांनी! तोही बिल्डरने पाळला नाही. जादा भरलेल्या पैशासाठी संस्था पुन्हा लढली, तेव्हा राष्ट्रीय आयोगाने मुदत संपल्याचे सांगून तक्रार फेटाळली. अखेर ११ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की प्रमाणपत्र न आणणे ही रोज चालू असलेली चूक आहे, सभासद ग्राहकच आहेत आणि त्यांची तक्रार ऐकली गेली पाहिजे. आणि प्रकरण पुन्हा राष्ट्रीय आयोगाकडे पाठवले. ताबा मिळाल्यापासून पंचवीस वर्षे हे सभासद एकजुटीने उभे राहिले, म्हणून हा निकाल आज तुमच्या-आमच्या कामी येतो. एकेकट्याने हे झाले असते काय?

इथे एक सावधगिरी सांगतो. 'चालू असलेली चूक' हा आधार प्रत्येक भेगेला मिळेल असे समजून कोणी स्वस्थ बसू नये. ग्राहक आयोगात तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावे लागते. बिल्डरला पत्रे पाठवत राहिल्याने ही मुदत वाढत नाही. 'बघू, करू, दिवाळीनंतर माणूस पाठवतो' हे बिल्डरचे गोड बोलणे म्हणजे मुदत संपवण्याची युक्तीच असते.

२४ ऑगस्ट २०२० या तारखेला या देशात दोन गोष्टी घडल्या. बंगळुरूच्या एका मोठ्या प्रकल्पातल्या ३३९ सदनिकाधारकांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. करारनामा बिल्डरने स्वतःच्या सोयीने लिहिला म्हणून घर घेणाऱ्याची भरपाई तेवढ्यावरच अडवता येत नाही आणि खरेदीखत हवे असेल तर आधी भरपाईचा दावा सोडा अशी अडवणूक करता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. त्याच दिवशी संध्याकाळी महाडमध्ये तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. सोळा माणसे मेली. इमारत फार तर दहा वर्षांची. बिल्डर, वास्तुविशारद, सल्लागार अभियंता यांच्याबरोबर नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला. १९२७ साली ज्या महाडात बाबासाहेबांनी पाण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह केला, तिथे माणसाला निर्धोक छप्पर मिळू नये ही किती लाजिरवाणी गोष्ट! त्याआधी ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाट्याला लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळून चौऱ्याहत्तर जण ठार झाले होते. बांधकाम चालू असतानाच गोरगरिबांना तिथे राहायला ठेवले होते. एका बाजूला बंगळुरूचे संघटित सदनिकाधारक निकाल मिळवतात, दुसऱ्या बाजूला लहान गावातली माणसे ढिगाऱ्याखाली जातात. कायदा दोघांना एकच होता. फरक पडला तो वेळेवर उठवलेल्या आवाजाचा आणि तो ऐकणाऱ्या यंत्रणेचा. ओल, भेग, पोपडे ही इमारतीने दिलेली नोटीस असते. ती भिंतीच्या रंगाखाली झाकायची नसते.

यावर काही आक्षेप घेतले जातात. लहान गावातला बिल्डर तो काय मोठा, त्याच्याकडून भरपाई घेतली तर तो उठेल आणि उद्या घरे महाग होतील, असे सांगितले जाते. आम्ही विचारतो, पायाचा खर्च वाचवून घर स्वस्त झाले होते काय? किंमत बाजारभावाने घेतली आणि माल हलका दिला. ज्याला पक्का पाया परवडत नाही त्याने दुसरा धंदा करावा. दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. 'तो आपल्याच ओळखीचा आहे, जयंतीला वर्गणी देतो, निवडणुकीत उपयोगी पडतो.' वर्गणीची पावती आणि स्लॅबची जाडी यांचा संबंध नाही. जयंतीच्या मंडपाला दिलेल्या काही हजारांत एखाद्या कुटुंबाचे पंचवीस लाख बुडवण्याचा परवाना मिळत असेल तर ती वर्गणी न घेतलेली बरी.

तिसरा आक्षेप आपल्याच चळवळीतून येतो आणि तो आम्हाला महत्त्वाचा वाटतो. वस्तीत अजून पत्र्याखाली माणसे राहतात. फ्लॅटवाल्या नोकरदारांची दुखणी चळवळीने का उचलावीत? हा प्रश्न चुकीचा नाही. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत शिकलेल्या वर्गाबद्दलची वेदना खुद्द बाबासाहेबांनी बोलून दाखवली होती. फ्लॅटमध्ये गेलेला माणूस वस्तीकडे पाठ फिरवतो हे आपण रोज पाहतो. पण म्हणून हा हक्क फक्त फ्लॅटवाल्यांचा ठरत नाही. रमाई आवास योजनेचे अनुदान घेऊन ज्याने ठेकेदाराला पैसे मोजले आणि ठेकेदाराने अर्धवट, तकलादू घरकुल त्याच्या गळ्यात मारले, तोही ग्राहकच आहे. घर बांधून देण्याचे पैसे घेतले की ठेकेदार जबाबदार झाला. शिवाय मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात तक्रारीला एक रुपयाही शुल्क लागत नाही. म्हणजे हे हत्यार फ्लॅटवाल्यापेक्षा घरकुलवाल्याच्या हातात अधिक शोभते. ते त्याच्यापर्यंत पोचवायचे काम ज्याला अर्ज लिहिता येतो त्याचे आहे. शिकलेल्या माणसाने वस्तीचे ऋण फेडायचे तर असे फेडावे.

म्हणून कोपरगाव आणि आसपासच्या कार्यकर्त्यांना आम्ही काही कामाच्या गोष्टी सुचवतो. दोष दिसताच त्याचे तारखेसह फोटो काढावेत. डागडुजी करण्याआधी काढावेत, कारण रंग दिल्यावर पुरावा मिटतो. सर्व दोषांची यादी करून बिल्डरला पोच मिळेल अशा टपालाने लेखी कळवावे. तोंडी बोलण्याला कायद्यात किंमत नाही. पात्र स्थापत्य अभियंत्याकडून तपासणी करून लेखी अहवाल घ्यावा. काँक्रीटची ताकद मोजण्याच्या चाचण्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत होतात. खर्च आठ घरांत वाटला तर जड जात नाही. 'आमची काही तक्रार नाही' अशा कागदावर ताबा घेताना सही करू नये; करावीच लागली तर खाली आपली हरकत लिहावी. भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. सोसायटी नोंदवून घ्यावी. एकाच इमारतीतल्या सर्वांचे दुखणे एक असेल तर आयोगाच्या परवानगीने सर्वांच्या वतीने एकच तक्रार करता येते. वकील लावलाच पाहिजे असे नाही. आपली बाजू आपण मांडू शकतो. घरापोटी दिलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगातच दाद मिळते, आणि नव्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर प्राथमिक माहिती मिळते. भरपाई मागताना फक्त दुरुस्तीचा खर्च मागू नये. दुरुस्तीच्या काळात दुसरीकडे दिलेले भाडे, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्चही मागावा. आयोगाचा आदेश बिल्डरने पाळला नाही तर त्याला एक महिना ते तीन वर्षे कैद होऊ शकते, हेही त्याच्या कानावर घालावे.

सरकारकडेही आमच्या मागण्या आहेत. आठ सदनिकांची सूट कमी करण्याचा अधिकार रेरा कायद्याच्या कलम ३ नेच राज्य सरकारला दिला आहे. सरकारने तो वापरावा आणि तालुक्याच्या गावातल्या लहान इमारतीही नोंदणीच्या कक्षेत आणाव्यात. एका जिल्ह्यात एकाहून अधिक ग्राहक आयोग स्थापन करण्याची तरतूद २०१९ च्या कायद्यात आहे. कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, संगमनेर या उत्तरेकडच्या तालुक्यांसाठी वेगळा आयोग द्यावा, निदान महिन्यातून काही दिवस इकडे सुनावणी घ्यावी. भोगवटा प्रमाणपत्रावर ज्या अधिकाऱ्याची सही आहे त्याचे नाव इमारतीच्या दर्शनी भागावर लावावे. सही करणाऱ्याला आपले नाव लोक वाचणार आहेत हे माहीत असले की तो जागेवर जाऊन इमारत पाहील. या मागण्यांना पैसा फारसा लागत नाही, इच्छा लागते. आणि सत्ताधाऱ्यांच्या मनात इच्छा आपोआप उगवत नाही, ती मोर्चाने आणि मताने निर्माण करावी लागते.

कोपरगावहून मनमाडच्या वाटेला लागले की पुढे येवला आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी त्या येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केले की जन्माने जे वाट्याला आले ते मरेपर्यंत सोसत बसणार नाही. जन्माने लादलेले ज्या समाजाने नशीब म्हणून स्वीकारले नाही, त्या समाजातल्या माणसाने एका बिल्डरने लादलेली ओल नशीब म्हणून का स्वीकारावी? शेठपुढे जोडलेले हात सोडा, आज संध्याकाळी इमारतीतल्या सर्वांना एका खोलीत बोलवा, प्रत्येक घरातले दोष कागदावर उतरवा आणि खाली सगळ्यांच्या सह्या घ्या. भरपाईची लढाई त्या कागदापासून सुरू होते. आणि ताबा मिळून किती दिवस झाले ते आजच मोजा. मुदत कोणासाठी थांबत नाही.